गोळ्यांचा पैरा

आमच्याकडे पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, भाताची लावण पैऱ्यानं होते. आज सगळ्या जणी माझ्या वावरात, उद्या मी त्यांच्या. पैसे कुणी देत नाही. दिवस द्यायचा आणि दिवस फेडायचा. लग्न होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) मला बजावलं होतं, "पैशाचं देणं ऱ्हायलं तर एक वेळ चालंल, पैरा ऱ्हाता कामा न्हाई." २०२४ च्या पावसाळ्यात माझा पैरा राहिला, कारण मला फुप्फुसाचा क्षय झाला होता.

खोकला शिमग्याच्या आधी सुरू झाला. धुराळ्याचा असेल म्हणून आधी हळद-दूध घेतलं, मग अडुळशाचा काढा. मग तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले. खोकल्याची बाटली मिळाली, ती संपल्यावर दुसरी मिळाली, एकदा इंजेक्शन झालं. बेडका तपासू या, असं कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, रात्री घामानं वाकळ ओली व्हायची. ब्लाउजला मी दोनदा आतून टीप मारली आणि तरीही तो सैलच राहिला.

मला काहीच कळत नव्हतं असं नाही, हे कबूल करते. मी बारावी झालेली आहे आणि बचत गटाचं दप्तर लिहिते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासून घ्या, ही पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मी शंभर वेळा वाचली होती. पण आमचं उपकेंद्र आहे देवळाच्या पाराजवळ. तिथं कोण गेलं, किती वेळ बसलं, हातात काय घेऊन बाहेर आलं, हे पारावरच्या माणसांना दुपारपर्यंत पाठ होतं. गावात आपल्याला सगळे ओळखतात याचा आधार वाटतो, आणि त्या दोन महिन्यांत मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. मालक वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. त्यांनाही मी फोनवर "जरा कसर आहे" एवढंच सांगत होते.

मे महिन्यात आशाताई घरोघरची माहिती भरायला आल्या. मी सोप्यात बसून उत्तरं देत होते आणि मध्ये मध्ये पदरात खोकत होते. त्या काही बोलल्या नाहीत, कागद भरून निघून गेल्या. तिन्हीसांजेला परसदारानं परत आल्या. पिशवीतून झाकणाची छोटी डबी काढली. "वैनी, उद्या उठल्या उठल्या खोलवरनं खोकून बेडका काढा नि यात द्या. मी सातच्या गाडीनं जाणार हाय, माझ्या पिशवीतनं नेते. तुमी यायची गरज न्हाई."

आज विचार करते तेव्हा वाटतं, माझा जीव वाचवणारी पहिली गोष्ट गोळी नव्हती, ताईंचं ते परसदारानं येणं होतं. माझी अडचण त्यांना न सांगता कळली होती. त्याही याच गावच्या सून आहेत, पार त्यांनाही ठाऊक आहे.

ग्रामीण रुग्णालयात ट्रूनॅटवर, म्हणजे बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रावर, तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई परड्यातच थांबल्या, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "टीबी हाय. पण औषधाला दाद देणारा हाय. सहा महिन्याचं काम हाय, सहा महिनं मी हाय." मग म्हणाल्या, "कुणाला सांगायचं ते तुमी ठरवा. माझ्या तोंडनं कुणाला कळायचं न्हाई."

पुढचं काम भराभर झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन केलं तर काटा ४१ वर थांबला. रक्तातली साखर, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे हे सगळं झालं. आधार कार्ड आणि पासबुक घेऊन निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नाव चढलं. पोषणासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये खात्यावर यायचे, माझे उपचार संपत आले तेव्हा, १ नोव्हेंबर २०२४ पासून, ते १००० झाले. गोळ्या वजनावर ठरतात. माझ्या वजनाला रोज तीन. एकेका गोळीत चार औषधं एकत्र, ती ५६ दिवस. त्यानंतर तीन औषधांच्या गोळ्या ११२ दिवस. २२ मेला मी पहिल्या तीन गोळ्या गिळल्या.

घरातल्यांची तपासणी झाली. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, आत्या सत्तरीच्या. कुणालाच आजार नव्हता, पण पुढे होऊ नये म्हणून तिघांनाही आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, बारा आठवडे. दर सोमवारी मुलं शाळेत जाण्याआधी गोळी घ्यायची. धाकट्याला वाटायचं आपण आईच्या आजाराला मदत करतोय. त्याची समजूत मी मोडली नाही.

मी माझं ताट, तांब्या वेगळा काढला. डॉक्टर म्हणाले होते की हा आजार भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो, तेव्हा तोंडाला फडकं बांधा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि औषध नेमानं घेतलंत तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती फार कमी होते. कळलं होतं, पण मनाला पटत नव्हतं. वेगळं ताट मला कुणी घातलं नाही, ते मीच घेतलं. आत्यांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी माझा तांब्या उचलून बाकीच्या तांब्यांत मिसळून टाकला. मी शोधत बसले तर म्हणाल्या, "सगळं एकसारखंच दिसतंय मला."

आता गोळ्या सोडल्याचं सांगते.

लघवी तांबूस-केशरी होईल, घाबरू नका, असं ताईंनी आधीच सांगितलं होतं. तरीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. त्याहून वाईट होती मळमळ. गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत तोंडाला पाणी सुटायचं, चुलीवरच्या भाकरीचा वास नको व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात खोकला बराच कमी झाला आणि माझ्या मनानं घेतलं की दोन दिवस विसावा घेतला तर काय बिघडलं. गोळ्या कागदात गुंडाळून नाचणीच्या डब्यात पुरल्या. ताई दर दोन-तीन दिवसांनी यायच्या, रिकाम्या पट्ट्या मोजायच्या. पट्ट्या बरोबर रिकाम्या होत्या. मी त्यांना फसवलं. ज्या बाईनं माझा बेडका स्वतःच्या पिशवीतून नेला तिला फसवलं, हे आठवलं की आजही जिवाला लागतं.

समोरच्या घरात एक म्हातारी एकटी राहते, गाव तिला जिजी म्हणतं. मुलगे मुंबईला आहेत. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. गोळ्या सोडल्याच्या तिसऱ्या सकाळी ती उंबऱ्यात येऊन बसली. "पोरी, तू रोज गाडी सुटल्यावर घोटघोट पाणी पितीस, खिडकीतनं दिसतंय मला. तीन दिस झालं, पाणी पिताना दिसंनास." मी गप्प. मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते: "मलाबी झाला हुता. थोरला पोटुशी हुते तवा न्हाई, त्याच्या मागनं. दीड वरीस सुया नि गोळ्या. म्हायेरी नेऊन टाकलं हुतं, गावाला सांगितलं बाळंतपणाला गेलीया. येकबी माणूस भेटाय आलं न्हाई, कारण कुणाला ठावंच न्हवतं."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी डब्यातल्या गोळ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि खूप रडले. तिनं समजूत वगैरे घातली नाही. "उद्यापासनं मी येती, माझ्यासमोर गिळायच्या," एवढंच म्हणाली. तिच्या कमरेला कापडी पिशवी होती, तिच्यातून तिनं मला दाखवलं, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन भरलेल्या पट्ट्या. उपकेंद्रातून नियमानं आणत होती, घेत नव्हती. "डोस्कं दुखत न्हाई मग कशाला," म्हणून. मी म्हटलं, मग तुम्हीही माझ्यासमोर घ्यायची.

तेव्हापासून आमचं ठरलं. सकाळची मुक्कामी एस. टी. हॉर्न देऊन निघाली की जिजी माझ्या सोप्यात. तिची एक, माझ्या तीन. आत्या दोघींना पाणी देणार. डॉक्टरांना जाऊन मी तीन दिवसांचं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. चुकलेले दिवस पुढे वाढवून दिले, तपासून कावीळ नसल्याची खात्री केली आणि गोळीआधी थोडं खाऊन घ्यायला सांगितलं. नाचणीच्या आंबिलीवर मळमळ सोसवायला लागली. ताईंनी त्याच आठवड्यात जिजीचा दाब मोजला तर १८० वर १०० होता. सप्टेंबरात तो १४० च्या आसपास आला. आत्या या प्रकाराला हसून "गोळ्यांचा पैरा" म्हणायच्या, आणि मला हा शब्द फार आवडला. कारण त्यात मी नुसती घेणारी नव्हते. आजारी माणसाला सगळेच काही ना काही देत असतात, त्या देण्याखाली माणूस दबून जातं. रोज सकाळी माझ्यावाचून जिजीची गोळी अडते, या जाणिवेनं मी अंथरुणातून उठत होते.

बातमी फुटायची होती तशी फुटली. मालकांना मी सांगितल्यावर त्यांनी तिकडे छातीचा फोटो काढला, तो चांगला आला. पण ते राहतात आमच्याच गावच्या पोरांबरोबर, एका गाळ्यात आठ जण. कुणीतरी कागद पाहिला. वाशीहून गावात बातमी यायला एक रात्र पुरली. गटाच्या पुढच्या बैठकीला मी गेले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना सतरंजी मोकळी राहिली. मी हप्त्याची वही काढली, आकडे वाचायला लागले, आणि वाचता वाचता थांबले. मग मीच सांगितलं. टीबी आहे, औषध सुरू आहे, महिना झाला, डॉक्टर म्हणतात आता लागण होण्याची भीती फारशी नाही, तरी तोंडाला बांधलेलं आहे. ज्याला विचारायचं त्यानं मला विचारा, पारावर विचारू नका.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोडा वेळ गेल्यावर गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "लावणीचं काय करणार हायस?"

डोक्यावर पहिला तोच प्रश्न होता. तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, वीतभर झाला होता. डॉक्टरांनी चिखलात दिवसभर वाकायला मनाई केली होती. मजूर लावायचे तर पैसे हवेत, आणि ऐन लावणीत मजूर मिळतो कुठं? मी म्हणाले, पंधरा गुंठे पड राहिले तर राहू दे. त्यावर माझी थोरली जाऊ, जी माझ्याशी बांधावरून दोन वर्षं बोलत नव्हती, ती म्हणाली, "पड ऱ्हायला काय झालं? पैरा तिच्या नावावर मांडा. पुढल्या साली फेडंल." गटाच्या वहीत मी माझ्याच हातानं ते लिहिलं: कर्ज नाही, दिवस.

जुलैत पाऊस असा लागला की आठवडाभर गाडी आली नाही. आमच्या भागात जुलैचा पाऊस म्हटलं की २०२१ आठवतं, आंबेघर आणि मिरगाववर दरडी कोसळल्या ते. रात्री कुणाला झोप येत नाही. ताईंनी रस्ता बंद होणार हे ओळखून चार आठवड्यांच्या पट्ट्या आधीच आणून दिल्या होत्या. गाडी नाही म्हणजे हॉर्न नाही. पहिल्या दिवशी मी वेळ विसरले. जिजी घोंगड्याची खोळ घेऊन चिखलातून आली. "गाडी न्हाई म्हनून गोळी न्हाई व्हय?"

पहिला टप्पा संपला, बेडका पुन्हा तपासला, त्यात जंतू दिसले नाहीत. त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या वावरात लावण झाली. अकरा जणी आल्या.

आणि तो दिवस माझ्यासाठी सबंध आजारपणात सगळ्यात अवघड गेला. पैऱ्याला दुपारचं जेवण ज्याचं वावर त्याच्या घरचं. माझ्या हातचं खातील का? मी जावेला म्हणाले, तुम्ही भाकऱ्या थापा, मी फक्त चुलीला लाकडं सारते. ती म्हणाली, "मी लावणीला हाय, भाकरी कोण थापनार? तूच थाप." पहाटे चारला उठले. तोंडाला फडकं बांधून चाळीस भाकऱ्या थापल्या. वाटाण्याची उसळ, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. बुट्टी डोक्यावर घेऊन बांधावर पोहोचले तेव्हा पाय कापत होते, ते अशक्तपणानं की भीतीनं ते सांगता येत नाही.

सगळ्या बांधावर बसल्या. जावेनं पहिली भाकरी उचलली. मग एकेक करत बाकीच्यांनी. एक बाई मात्र कमरेची शिदोरी सोडून घरची भाकरी खाऊ लागली. कुणी तिला काही बोललं नाही, मीही नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण तीच बाई दिवस मावळेपर्यंत माझ्या चिखलात वाकून होती, आणि तिची ओळ सगळ्यांत सरळ होती. भीती तिच्या मनातून गेली नव्हती, तरी ती आली. भीती जायची वाट पाहत घरी बसली असती तर माझं वावर तेवढं कमी लागलं असतं. तिच्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे आणि तिच्यावर रागावता येत नाही मला.

मदतीतही फरक असतो, तो या काळात कळला. एका संस्थेनं तालुक्याच्या गावी रुग्णांना पोषण आहाराच्या पिशव्या वाटल्या. डाळ, शेंगदाणे, तेल, गूळ, चांगला माल होता. पण ओळीनं उभं करून फोटो काढले आणि ते फोटो मोबाइलवर फिरले. माझ्या शेजारी उभी असलेली एक पोरगी विशीची होती, लग्नाची. तिनं पदर पुढे ओढला तर एक जण म्हणाला, "ताई, चेहरा दिसू द्या." ती पुढच्या वेळी आली नाही. त्या पिशवीची तिला माझ्यापेक्षा जास्त गरज होती, हाताची हाडं दिसत होती तिच्या. देणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल. पण आशाताई परसदारानं का आल्या, हे अशा कार्यक्रमाच्या आधी कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

माझी पिशवी घरात आली की मला अपराधी वाटायचं. ती रुग्णाची, आणि खात होते चौघं. आत्या तर आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या, भांड्याच्या बुडाला राहील ते. मी डॉक्टरांना विचारलं, हे चूक आहे का? ते म्हणाले, "चूक कसली? सगळ्यांना खाऊ द्या." मग त्यांनी मला झारखंडमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथं क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला तांदूळ आणि डाळ जास्तीची दिली, तर त्या घरांमध्ये नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ साली हे छापून आलं. घरी आल्यावर मी आत्यांना पहिल्या पंगतीला बसवायला लागले. दोन दिवस त्या भांडल्या. मग डॉक्टरांचं नाव सांगितलं तेव्हा बसल्या, आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली आमटी वाढून घेताना इकडेतिकडे बघत होत्या, चोरी केल्यासारखं.

गौरीला मालक आले. माहेरवाशिणी येऊन गेल्या, फुगड्या झाल्या, मी एक फेर धरला आणि दम लागून बसले. ज्या सतरंजीवर माझ्या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या होत्या तिच्यावर त्या रात्री बसायला जागा नव्हती. आठ जणांच्या गाळ्यात मालकांना दोन महिने कुणी वेगळं टाकलं नाही, हेही मला तेव्हाच कळलं. त्यांच्या खोलीतल्या पोरांनी उलट वर्गणी काढून अंड्यांचे पैसे पाठवले होते, आणि मालकांनी ते पगारातले म्हणून मला सांगितले होते.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. भावानं ओवाळणीत साडी घातली आणि वजनकाट्यावर उभी राहा म्हणून हट्ट धरला. पंचायतीत जाऊन उभी राहिले. ४७. चुकलेले तीन दिवस धरून माझी शेवटची गोळी ८ नोव्हेंबरला होती. त्या सकाळी ताई मुद्दाम आल्या, कार्डावर शेवटची खूण केली. शेवटचा बेडका दिला, तोही स्वच्छ आला. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायला या, असं सांगितलं आहे, त्याप्रमाणे जाते. २०२५ च्या जुलैत अकरा जणींचे अकरा दिवस मी चिखलात उभी राहून फेडले, शिदोरीवाल्या बाईचा पहिला. तिच्या बांधावर तिच्या घरची भाकरी मी खाल्ली.

पण ९ नोव्हेंबरची सकाळ सांगायची राहिली. गाडीनं हॉर्न दिला. मला गोळ्या नव्हत्या, म्हणून मी अंगण झाडत राहिले. थोड्या वेळानं जिजीनं समोरून हाक मारली, चांगलीच रागात.

"तुझं झालं आसंल. माझं कुटं झालंय? पानी घिऊन ये."